रात्री लिहिणारे मास्तर

दरवर्षी स्मरणिकेचे काम सुरू झाले की संपादक मंडळ माझ्याकडे जाहिराती मागायला येते. यंदा मात्र त्यांनी लेख मागितला. मी डिप्लोमा झालेला माणूस. रेल्वेत सेक्शन इंजिनिअर. माझे लिखाण म्हणजे इन्स्पेक्शन नोट आणि वरच्या ऑफिसला पाठवायची पत्रे. तरीही हो म्हटले, कारण एक चूक कबूल करायची आहे, आणि ती दुरुस्त कशी करायची हे ज्यांच्याकडून कळले त्यांच्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की रविवारी सकाळी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. शिकवणारे आम्ही तिघे-चौघे पालकच, शिक्षक कोणीच नाही. गेल्या वर्षी ठरले की स्मरणिकेच्या बालविभागासाठी मुलांनीच निबंध लिहायचे. विषय, माझा आवडता सण. मी फळ्यावर आठ मुद्दे लिहून दिले. चौदा निबंध आले. घरी आणून वाचायला बसलो तर त्यातले अकरा निबंध एकच होते! वाक्ये तीच, क्रम तोच, शेवटचा परिच्छेदही तोच. तीन वेगळे होते, पण ते आई-वडिलांनी लिहून दिलेले होते हे अक्षरावरून कळत होते. माझ्या स्वतःच्या मुलीचा निबंध त्या अकरांमध्ये होता.

मुलांना दोष कसा देणार? मी जे फळ्यावर मांडले तेच त्यांनी मला परत केले. साचा मीच दिला होता.

त्याच सुमारास गावी गेलो होतो. आमचे गाव जळगाव जिल्ह्यात एरंडोल तालुक्यात. तिथून अमळनेर जवळ. भुसावळ-सुरत मार्गावरचे हे स्टेशन लहानपणापासून पाहिलेले. साने गुरुजी अमळनेरला मास्तर होते हे आमच्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असते. पण मास्तर म्हणून ते नेमके काय करीत असत, हे मी तोवर कधी विचारले नव्हते. त्या वेळी थोडे वाचले, थोडे जुन्या मंडळींकडून ऐकले, आणि मग माझ्या आठ मुद्द्यांची मलाच लाज वाटली.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण वडिलांच्या काळात घर कर्जात बुडाले आणि दारिद्र्य आले. आई यशोदाबाई. या माऊलीने त्या दिवसांत मुलांना काय दिले, ते पुढे साऱ्या महाराष्ट्राने वाचले. शाळेसाठी पांडुरंगाला दापोलीला राहावे लागले. पुढे शिकायला पैसे नाहीत म्हणून गरीब मुलांची जेवणाची सोय होते असे ऐकून तो औंध संस्थानात गेला. तिथे प्लेगची साथ आली, तेव्हा पुणे गाठले. १९१७ साली आई गेली. शेवटच्या भेटीला तो पोहोचू शकला नाही, आणि ही रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. १९१८ साली मॅट्रिक, १९२२ साली पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून बी. ए. हे कॉलेज म्हणजे आजचे स. प. महाविद्यालय. पुढे तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. त्या अभ्यासासाठीच ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले होते. प्रताप शेठजींनी उभी केलेली ती संस्था. तिथे राहून ग्रंथ वाचावेत, पांडित्य मिळवावे, हा सरळ रस्ता होता. पण त्या शांत वातावरणात त्यांचे मन रमले नाही. त्यांना माणसे हवी होती, आणि विशेषतः मुले.

१९२४ साली ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे हीच शाळा प्रताप हायस्कूल म्हणून नावाजली. मराठी आणि संस्कृत हे त्यांचे विषय. स्वभाव अतिशय लाजरा, चारचौघांत बोलायला संकोच. शाळेने लवकरच त्यांच्यावर छात्रालयाची जबाबदारी टाकली. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतली, घर सोडून आलेली मुले तिथे राहत. गुरुजी या मुलांची आईच झाले. आजारी मुलाजवळ रात्र रात्र बसणे, मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडणे, विस्कटलेली अंथरुणे नीट करणे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवणे, या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. त्या खऱ्याच आहेत. पण एवढ्यावरच गुरुजींची गोष्ट थांबवली तर त्यांच्यातला मास्तर आपल्याला निम्माच कळतो.

निम्मा राहिलेला भाग असा. गुरुजींनी या छात्रालयात एक दैनिक सुरू केले. नाव ‘छात्रालय’. दैनिक म्हणजे छापखाना, खिळे, कागदाची रिमे असे काही नाही. हाताने लिहिलेले पत्र, आणि बहुतेक मजकूर गुरुजींच्याच हातचा. दिवसभर शाळा, संध्याकाळी मुलांचे हवे-नको पाहायचे, आणि मुले झोपली की गुरुजी लिहायला बसायचे. सकाळी मुलांच्या हाती ताजा मजकूर. त्यात थोरांची चरित्रे असत, गोष्टी असत, कविता असत, देशातल्या घडामोडी असत, आणि छात्रालयातल्या साध्या साध्या बाबींवरही लिहिलेले असे. मुले त्याची वाट पाहत.

वाचकहो, इथे मी जरा थांबलो. सहासात तास शिकवून आलेला माणूस रात्री पुन्हा लिहितो, तेही त्याच मुलांसाठी, हे कशासाठी? उपदेश करायचा तर तोंडाने करता आला असता. मला वाटते, लाजऱ्या माणसाला बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे गेले, हे एक कारण असेल. पण त्याचा परिणाम त्याहून मोठा आहे. मुलांनी निबंध लिहावा असे सांगणारे मास्तर पुष्कळ. मुलांच्या आधी स्वतः लिहून तो कागद मुलांपुढे ठेवणारा मास्तर विरळा. मास्तरांनी काल रात्री लिहिले आहे, आज रात्रीही ते लिहिणार आहेत, हे ज्या मुलाला दिसते त्याला लिहिणे ही परीक्षेची गोष्ट वाटत नाही. जेवण, झोप, प्रार्थना यांसारखीच ती रोजची गोष्ट वाटू लागते. शिवाय मजकूर त्याच्याच अंगणातला. परवा कोण आजारी पडला, काल कोणाची चूक झाली, हेही लिहिण्याचा विषय होऊ शकते, हे त्याला न शिकवता कळते. माझ्या आठ मुद्द्यांत नेमके हेच नव्हते.

आमच्या खात्यातले एक उदाहरण देतो. रुळांवर की-मॅन नावाचा कर्मचारी असतो. ठरलेल्या लांबीतून तो रोज चालत जातो. रोज तेच रूळ, तेच स्लीपर, तेच जोड. नवख्याला वाटेल, काल पाहिले ते आज पुन्हा काय पाहायचे? पण रोज चालतो म्हणूनच ढिला झालेला एक बोल्ट त्याला लांबून कळतो. मी ट्रॉलीवरून जाताना मला दिसत नाही ते त्याला दिसते. गुरुजींचे रोजचे लिहिणे मला असे वाटते. पन्नास-साठ मुलांत एखादे मूल गप्प झाले आहे, हे रोज मुलांविषयी लिहिणाऱ्याला आधी कळत असणार.

१९२८ साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक सुरू केले. छात्रालयाच्या भिंतींतून लेखणी बाहेर पडली. आणि १९३० साली गुरुजीही बाहेर पडले. गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे शाळेतली मास्तरकी उणीपुरी सहा वर्षांची! पण ‘गुरुजी’ हे नाव जन्मभर टिकले, आणि मृत्यूनंतरही टिकून आहे.

पुढचे वर्ग तुरुंगात भरले. आधी धुळे, तिथून दूर दक्षिणेत त्रिचनापल्ली. त्या तुरुंगात दक्षिणेतल्या निरनिराळ्या भाषा बोलणारे राजबंदी होते. गुरुजी तिथेही विद्यार्थी झाले. शेजारच्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही याची त्यांना खंत वाटली. तिरुवल्लुवरांचे तमिळ ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. १९३२ साली पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा प्रवचने झाली आणि ती गुरुजींनी लिहून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ देशातल्या कितीतरी भाषांत वाचली जातात, त्यांच्या मुळाशी छात्रालयात रोज रात्री लिहून तयार झालेला हा हात आहे.

मग नाशिकचा तुरुंग. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे ती संपवली. पाच दिवस! लहानपणी हे ऐकले तेव्हा मला तो चमत्कार वाटला होता. आता वाटत नाही. रोज रात्री मुलांसाठी लिहिणाऱ्याचे ते पाच दिवस आहेत. त्यांच्यामागे किती रात्री आहेत त्या मोजा.

आणखी एक गोष्ट मला यंदा प्रथमच लक्षात आली. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. दिवसभराची कामे आटोपली, प्रार्थना झाली की आश्रमातली मंडळी गोळा होतात आणि श्याम आईची आठवण सांगतो. हे छात्रालयच नाही का? कंदिलाचा उजेड, घर सोडून आलेली मुले, आणि त्यांना आपल्या आईविषयी सांगणारे मास्तर. गुरुजींच्या लेखणीने मुलांना घडवले हे आपण नेहमी म्हणतो. पण मुलांनीही गुरुजींची लेखणी घडवली. समोर ऐकणारी मुले होती म्हणून त्यांची वाक्ये सोपी राहिली. स्वतःच्या चुका, चोरून केलेल्या खोड्या, आईचे रागावणे हे त्यांनी लपवले नाही. मुलांपुढे खोटे चालत नाही, मुले लगेच ओळखतात. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

त्यानंतरचे गुरुजींचे आयुष्य धावपळीचे. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले. शेतकरी, कामगार यांच्या लढ्यांत ते उतरले, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून दहा दिवस उपोषण केले, आणि दारे उघडली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक काढले, ते आजही निघते. या साऱ्या धामधुमीत पुतणी सुधाला पत्रे लिहायला त्यांना वेळ मिळे. झाडे, पाखरे, ऋतू, माणसे यांविषयीची ती पत्रे ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकरूपाने आली. मोठ्या सभेपुढे बोलणारा हा माणूस एका मुलीसाठीही तितक्याच मनापासून लिहीत होता.

अखेरच्या काळात त्यांनी ‘आंतरभारती’चा ध्यास घेतला. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीसारखी एक जागा असावी, जिथे एका प्रांताचा माणूस दुसऱ्या प्रांताची भाषा शिकेल, तिथले साहित्य आपल्या भाषेत आणील. ते स्वप्न त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. देशाची फाळणी, गांधीजींची हत्या, भोवतालचा द्वेष हे सारे त्यांच्या हळव्या मनाला पेलले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय अवघे पन्नास. मुलांना हे सांगताना आपण अडखळतो. मीही अडखळलो. पण एवढेच सांगितले की जो दुसऱ्यांची दुःखे रोज लिहून काढत होता त्याचे स्वतःचे दुःख वेळेवर कोणाला कळले नाही, म्हणून आपल्या मनातले बोलावे आणि जवळच्याचे ऐकून घ्यावे.

आंतरभारती हा शब्द आपल्याला, बंगळुरूच्या मराठी माणसांना, परका वाटू नये. आपली मुले घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत कन्नड बोलतात. घरी मराठी असलेले आणि पेशाने शिक्षक असलेले धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, ज्ञानपीठ विजेते ठरले, हे तर आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. लिहिणाऱ्या शिक्षकाचे महत्त्व बाहेरच्या जगालाही पटले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे १९७४ साली शिक्षकांसाठी एक उपक्रम सुरू झाला. लेखन शिकवणाऱ्याने आधी स्वतः लिहावे, आपले लिहिलेले इतर शिक्षकांना वाचून दाखवावे, हा त्याचा पाया. पुढे तो त्या देशभर पसरला. अमळनेरच्या छात्रालयात एक मास्तर कंदिलाच्या उजेडात हेच करीत होते, त्याला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षे होत आली होती.

आता आमच्या वर्गाविषयी. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी फळ्यावर मुद्दे लिहिले नाहीत. मुलांना म्हटले, आज मी लिहितो, तुम्ही पाहा. आणि नोकरी लागल्यावर पावसाळ्यातल्या पहिल्या रात्रीच्या गस्तीविषयी लिहू लागलो. दोन ओळी झाल्या आणि गाडी अडली! एक वाक्य पुसले, पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. घाम फुटला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले की काकांनाही सुचत नाही का? मी म्हटले, नाही सुचत. वर्ग हसला. मग एकीने विचारले की तुम्हाला अंधाराची भीती वाटली होती का. हे मी लिहिलेच नव्हते. खरे तर तेच लिहायला हवे होते. मी ते लिहिले. त्यानंतर मुलांनी माना खाली घातल्या आणि पेन्सिली चालू लागल्या.

त्या दिवशी आलेले बारा कागद बारा तऱ्हांचे होते. एकाने लिफ्टमध्ये अडकल्याचे लिहिले. एकीने शेजारच्या कन्नड अज्जींविषयी लिहिले, त्या तिला रोज चिरमुरे देतात आणि तिचे कन्नड सुधारतात. माझ्या मुलीने चारच ओळी लिहिल्या. रात्री बाबांचा फोन वाजतो, बाबा बूट घालतात, मी झोपल्याचे सोंग करते, माझ्या वाढदिवसालाही तसेच झाले होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. तो कागद माझ्या ऑफिसच्या डायरीत आहे.

तेव्हापासून दर रविवारी एक हस्तलिखित पान हॉलच्या दारावर लागते. त्यात शिकवणाऱ्यांपैकी एकाचा मजकूर असलाच पाहिजे, हा आमचा एकमेव नियम. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दोन मुले वर्ग सोडून गेली. शुद्धलेखन अजून कच्चेच आहे. दोनदा माझी पाळी असताना मी ड्युटीचे निमित्त सांगून टाळाटाळ केली, आणि त्या दोन्ही रविवारी मुलांचेही कागद थोडेच आले. गुरुजींनी रोज लिहिले, मला आठवड्याचे एक पान जड जाते, यावरून काय ते समजावे.

यंदाचा बालविभाग पुढे छापला आहे. त्यात नऊ मुलांचे लेख आहेत. कोणालाही विषय दिला नव्हता आणि पालकांनी हात लावलेला नाही. चुकाही तशाच ठेवल्या आहेत. उत्सवाच्या दिवसांत मूळ कागद हॉलमध्ये लावणार आहोत, ते अवश्य पाहावेत. आणि ज्या आई-वडिलांना आपल्या मुलाने मराठीत लिहावे असे वाटते, त्यांना एकच विनंती. वही त्याच्या हाती देण्याआधी एक पान स्वतः लिहा आणि ते त्याला वाचू द्या.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥